डोंगरात चमकणारी

९ जानेवारी १९७१

काल नोसोकोंनी घर सोडलं. आता उरिमा गावात आम्ही दोघीच, मी आणि सासूबाई.

जाताना नोसोकोंच्या सुनेनं चुलीतली राख मडक्यात भरून घेतली, बाकी सगळं तसंच टाकलं. दार सताड उघडं. म्हटलं, ओढून तरी घे. तर म्हणाली, कुणासाठी? होडी वळणाआड जाईपर्यंत सासूबाई किनाऱ्यावर उभ्या होत्या. मग वर आल्या आणि रोजच्यासारख्या देवराईत गेल्या.

माझे यजमान तोसेई डिसेंबरातच शेजारच्या बेटावर, इशिगाकीला गेलेत. तिथे खोली बघायची, अननसाच्या कारखान्यात काम धरायचं, मग आम्हाला न्यायचं, असं ठरलंय. पण सासूबाई हलत नाहीत. देवराईची पूजा त्या विशीत होत्या तेव्हापासून त्यांच्याकडे. देवानं रजा दिल्याशिवाय गाव सोडता येत नाही, म्हणतात. रोज सकाळी मागतात आणि रोज परत येऊन म्हणतात, "आज नाही." रजा मिळाली हे कशावरून कळतं, असं एकदा विचारलं. ऐकूच आलं नाही असं केलं.

नाहाहून आलेल्या प्राध्यापकांनी मला रानमांजराच्या नोंदी ठेवायला सांगितलंय. ठसे, विष्ठा, कुठे दिसलं, काय खात होतं. आमच्या इरिओमोते बेटाखेरीज हे मांजर जगात कुठेच नाही म्हणे. आम्ही तिला यामापिकार्या म्हणतो, डोंगरात चमकणारी. लहानपणी मी तिचं सूप प्यायलेय, हे काही मी त्यांना सांगितलं नाही. त्यांचं ते वेगळ्या कागदावर लिहिते. तिथे जे लिहिता येत नाही ते इथे.

१३ जानेवारी

वरच्या खाचरांत यंदा लावणी होणार नाही. बांध फुटलेत, पाणी साचलंय, बेडकांनी नुसता उच्छाद मांडलाय. बांधावरच्या सपाट दगडावर विष्ठा मिळाली, अगदी मुद्दाम दिसावी अशी ठेवलेली. काडीनं उकलून पाहिली. बेडकांची हाडं, नाकतोड्याच्या तंगड्या, पाणकोंबडीची पिसं. नाव डोंगरातलं, पण ही खाली ओढ्याकाठी, चिखलातच राहणारी. आमची माणसं तिला डोंगरात हाकलत होती, एवढंच. आता हाकलायला कुणी नाही.

दुपारी मासे उकडायला ठेवले आणि तो वास सहन होईना. मागच्या दारी जाऊन ओकले. मात्सुझो होडीवाल्यानं आणलेलं तेल जुनं असणार.

१८ जानेवारी

ती दिसली.

सकाळी खाचरांवर धुकं होतं. आधी वाटलं, कुणाचं तरी मागे राहिलेलं घरचं मांजर. पण घरचं मांजर पाण्यात असं उतरत नाही. ही पोटापर्यंत आत गेली, डोकंच पाण्याखाली घातलं आणि झिंगा घेऊन वर आली. काळपट तपकिरी रंग, अंग लांब, पाय आखूड, शेपूट बुंध्यासारखी जाड. कपाळावर पांढरे पट्टे. कान गोल, पाठीमागून त्यांवर एकेक पांढरा ठिपका, म्हणजे तिनं पाठ फिरवली तरी दोन डोळे आपल्यावर असतात. डावा कान मधोमध फाटलेला.

झिंगा खाऊन झाल्यावर तिनं माझ्याकडे बघितलं. पळाली नाही. रानातलं जनावर बघतं तसं नव्हतं ते. नवी शेजारीण कुंपणावरून बघते, तसं.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या रताळी सोलत होत्या. हात थांबला. "कुठे बघितलं तिनं? तोंडाकडे, की खाली?"

म्हटलं, मी काय तिची नजर मोजत होते? त्या पुन्हा सोलायला लागल्या. जेवताना मात्र स्वतःच्या वाडग्यातला माशाचा तुकडा माझ्यात टाकला. असं त्यांनी अठरा वर्षांत कधी केलेलं नाही. वासामुळे मला तो गिळवेना, पण त्या समोर बसून राहिल्या.

२१ जानेवारी

आज दुपारभर झोपले. काम काही नाही, तरी अंग मोडून आलंय. जाग आली तेव्हा सासूबाई उशाशी बसून माझ्याकडे बघत होत्या. किती वेळ, कोण जाणे. डोळे उघडलेले पाहून उठून गेल्या.

माझी पाळी डिसेंबरपासून नाही. आईचीही चाळिशीतच गेली होती. चला, संपलं एकदाचं, असं वाटून बरंही वाटलं आणि नाहीही.

२६ जानेवारी

नोसोकोंच्या ओट्यावर ओले ठसे. पलीकडच्या मियारांच्या उंबऱ्यावर विष्ठा. ठसे आत गेलेत, देवघरापर्यंत, आणि तिथून वळून परत आलेत. गल्लीनं पुढे गेले तर प्रत्येक घराचं तेच. एक घर सोडलेलं नाही. जनगणनेचा माणूस जसा दारोदार जातो, तशी ही फिरलीय.

कारण साधं आहे. लोकांनी तांदूळ, कोंडा टाकला, उंदीर वाढले, उंदरांमागे ती आली. कागदावर तसंच लिहिलं.

आमच्या ओट्यावर मात्र एकही ठसा नाही. आमच्याकडे उंदीर काय कमी आहेत?

परत आले तर सासूबाईंनी दाराच्या दोन्ही बाजूंना आणि माझ्या अंथरुणाच्या चारी कोपऱ्यांना गवताच्या पात्यांच्या गाठी मारून ठेवल्या होत्या. नैवेद्यावर ठेवतो तशा, भुताखेतांनी तोंड लावू नये म्हणून. मी काय नैवेद्य आहे? सगळ्या उचलून चुलीत टाकल्या. संध्याकाळी पुन्हा होत्या. त्यावरून भांडण झालं. म्हणजे मी भांडले. त्या नवीन पाती आणायला गेल्या.

३० जानेवारी

रानमांजरांचा माजाचा हंगाम सुरू झालाय. दिवस कलला की ओढ्याच्या दोन्ही बाजूंनी ओरडणं चालतं. मांजराचा आवाज नाही तो. पाळण्यातलं मूल उपाशी ठेवलं तर रडेल, तसा. एक थांबतं, दुसरं सुरू होतं.

सासूबाई म्हणाल्या, कानात कापूस घाल. म्हटलं, मला काय होतंय त्यानं. पण झालं. अठरा वर्षांच्या संसारात एकदाच दिवस राहिले होते मला. इशिगाकीहून परत येताना होडी उत्तरेच्या वाऱ्यात सापडली, आदळून आदळून घरी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यावर घरात कुणी कधी बोललं नाही. सासूबाईही नाहीत.

कापूस घातला.

३ फेब्रुवारी

मात्सुझो आला. तोसेईंचा निरोप असा की खोली मिळालीय, महिनाअखेर या, आईला समजव. मात्सुझोनं सासूबाईंना खूप समजावलं, आपल्या नेहमीच्या पद्धतीनं. "आजी, देवाला म्हणावं, इशिगाकीत वीज आहे. तोही चला म्हणेल." सासूबाई हसल्या नाहीत. त्याला बाजूला, फुकुगीच्या झाडांकडे घेऊन गेल्या आणि बराच वेळ हळू आवाजात काही सांगत राहिल्या.

परत आला तो वेगळाच माणूस होऊन. माझी पाण्याची घागर हातातून काढून घेतली. नजर जमिनीवर. जाताना म्हणाला, "वहिनी, जपून असा. जड काही उचलू नका." एरवी हा मला टोमणे मारल्याशिवाय होडीत चढत नाही.

काय सांगितलं असेल त्याला? माझं डोकं ठिकाणावर नाही असं? रिकाम्या गावात सुनेला वेड लागलंय, तिच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नको, असं? म्हणजे, मला ने म्हटलं तरी तो नेणार नाही. मला आता त्यांची भीती वाटते. लिहायला लाज वाटते, पण वाटते.

११ फेब्रुवारी

आज चांद्र वर्षाच्या पहिल्या महिन्याची सोळावी, पितरांचं नवीन वर्ष. इतर वर्षी सगळं गाव थडग्यांपुढे डबे उघडून बसतं. मात्सुझो म्हणाला होता, आज इशिगाकीहून माणसं येतील. पण उत्तरेचा वारा असा सुटलाय की खाडीच्या तोंडाशी पांढऱ्या भिंती उभ्या आहेत. कुणी आलं नाही.

सासूबाईंनी पहाटेपासून स्वयंपाक केला. सगळ्या घरांचा. मला थडग्यांकडे यायला बंदी. सून म्हणून आल्यापासून मी दरवर्षी गेलेय, यंदा बंदी का? तर, "यंदा तू त्यांच्या नजरेला पडू नकोस." टोपली पाठीला बांधून एकट्या गेल्या.

मी मागून गेले. केवड्याच्या बनाआड उभी राहिले.

त्या प्रत्येक थडग्यापुढे बसून बोलत होत्या. गेलेल्यांशी आपण बोलतोच, त्यात काही नाही. पण या मधेच थांबत होत्या, ऐकत होत्या आणि मग उत्तर देत होत्या. एकदा तर रागावल्या. "नाही म्हटलं ना. ते तुमचं नाही. तुमचं एकदा तुम्ही नेलंत." हे शब्द वाऱ्यावरून स्पष्ट आले.

आणि थडग्याच्या दगडी भिंतीवर ती बसली होती. फाटक्या कानाची. सासूबाईंपासून चार हातांवर. त्या बोलत तेव्हा ती त्यांच्याकडे बघे. त्या थांबल्या की ती थडग्याच्या दाराकडे मान वळवी, तिथे कुणी बोलत असल्यासारखी, आणि ते बोलणं संपेपर्यंत बघत राही. मग पुन्हा सासूबाईंकडे.

भिंतीवर पाली असणार, त्यांच्यावर तिचं लक्ष असणार. पण एवढ्या गारठ्यात पाली बाहेर कुठे निघतात? मी जरा हलले असेन. ती माझ्याकडे वळली. तोंडाकडे नाही.

घरी येऊन दार लावून घेतलं. कागदावर लिहिलं, "थडग्यांजवळ दिसली. दिवसा. माणसाला भीत नाही."

१७ फेब्रुवारी

ठरलं. पुढच्या होडीनं मी जाणार, सासूबाई येवोत न येवोत. ट्रंक भरली. त्यांना तोसेई येऊन नेतील. मुलाचं ऐकतील.

खाणं निम्म्यावर आलंय आणि कमरेची नाडी मात्र पुरत नाही. या म्हातारीच्या काढ्यांनी अंग सुजलंय. रानडुकराच्या काळजाचं सूप, दवण्याची पेज, काय काय पुढ्यात ठेवते आणि खाईपर्यंत उठत नाही. कुणाला तरी माझ्यात पोसत असल्यासारखी.

२१ फेब्रुवारी

मात्सुझो आला आणि मला न घेता गेला.

ट्रंक मीच किनाऱ्यावर नेली. त्यानं बघितलं आणि मान हलवली. "वहिनी, आज नाही. बाहेर लाटा मोठ्या आहेत."

"तू आलास ना त्यांतून?"

"माझं काय, मी दगड आहे. तुम्हाला नाही नेत. आजींनी बजावलंय."

मी ट्रंक उचलून होडीत टाकली. त्यानं उतरवून वाळूत ठेवली. मी पुन्हा टाकली. सासूबाई वर झाडांशी उभ्या होत्या, हाका मारत होत्या, पण मी ऐकलं नाही. शेवटी त्यानं ट्रंक बाहेर काढली आणि मला काही सुचायच्या आत होडी लोटून दिली. गुडघाभर पाण्यात उभी राहून मी त्याला काय काय बोलले, ते इथे लिहिणार नाही. तो मागे वळून बघत होता. रडकुंडीला आल्यासारखा दिसला. मला आणखीनच संताप आला.

सासूबाई ट्रंकेची एक कडी धरायला आल्या. मी त्यांना हात लावू दिला नाही. एकटीनं, चढ चढून, घरापर्यंत आणली.

२२ फेब्रुवारी

पहाटेपासून अंगावरून जातंय. पोटात कळा. पाळी परत आली म्हणून सासूबाईंना सांगितलं.

त्यांच्या हातात विळा होता. तो त्यांनी हळूच खाली ठेवला, मला आडवं केलं, पायाखाली उशा दिल्या. मग कानाशी तोंड आणून, भिंतीलाही ऐकू जाऊ नये असं म्हणाल्या, "पाळी नाही ही, पोरी. तुझ्या पोटात आहे. तिसरा सरतोय."

मी बोटांवर महिने मोजले. नंतर विचारलं, सांगितलं का नाहीत?

"बोललं की ऐकायला येतात."

कोण, ते सांगितलं नाही. मग मी देवाच्या रजेचं विचारलं. त्यांनी माझे पाय पुसत पुसत उत्तर दिलं, मान वर न करता. "रजा जानेवारीतच मिळालीय. पण बाहेरचा समुद्र बघितलास? मागच्या वेळी मीच म्हटलं होतं ना, बस होडीत, काही होत नाही."

हे मला माहीत नव्हतं. म्हणजे त्यांनी म्हटलेलं आठवत होतं, पण त्या ते उराशी धरून बसल्यात हे नव्हतं.

२४ फेब्रुवारी, सकाळ

थांबत नाहीये. कमी आहे, पण थांबत नाही. वारा तसाच, होडी येणं शक्य नाही. सासूबाई खिंडीपलीकडच्या शिराहामाला, मात्सुझोच्या गावाला, चालत निघाल्यात, नर्सबाईंना आणायला. किनाऱ्यानं, मग खिंडीनं. तरण्या माणसाला सबंध दिवस लागतो आणि ओढे ओहोटीतच ओलांडता येतात. मी पाया पडले, नका जाऊ म्हटलं.

"तू उठलीस तर बघ," म्हणाल्या. "मेले तरी तुझ्या उशाशी येऊन बसेन." पाणी, शिजवलेली रताळी, चिंध्या, सगळं हाताशी ठेवलं. उंबऱ्यावर गवताची नवी गाठ ठेवली. एक स्वतःच्या हातात घेतली. देवराईच्या वाटेनं गेल्या. त्यांच्या काठीचा आवाज बराच वेळ येत होता.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळ

पडल्या पडल्या लिहिते, अक्षर वाचता येईल की नाही कोण जाणे. पण आजच लिहायला हवं. उद्या मलाच खरं वाटणार नाही.

ऊन वर यायच्या आत ओढ्याच्या बाजूनं रडल्यासारखा आवाज आला. एकदाच. मांजरच. हंगाम सरत आलाय, तरी एखादी मागे राहते.

त्यानंतर फार वेळ काही नाही. वारासुद्धा थांबला. मग जमिनीच्या फळ्यांखाली, माझ्या पाठीच्या बरोबर खाली, कुणीतरी श्वास घेत असल्याचं जाणवलं. तो श्वास माझ्यासोबत चालत होता. मी रोखला की तोही थांबे.

मग ती ओट्यावर आली. दुपारचं लख्ख ऊन होतं, स्वप्नाचा प्रश्न नाही. पाय ओले, पोटाखालचे केस चिखलानं चिकटलेले. फाटका कान. उंबऱ्याशी आली, गवताची गाठ हुंगली आणि तिच्या पलीकडे, मला सामोरी, बसली. आत पाऊल टाकलं नाही. पुढचे पाय जवळ घेऊन, पाठ ताठ. म्हातारी माणसं आजाऱ्याच्या उशाशी बसतात, तशी.

ही रक्ताच्या वासाची गोष्ट आहे हे मी ओळखून होते. रक्ताच्या वासानं जनावर येतं. चिंध्या कोपऱ्यात पडल्या होत्या. पण तिनं त्यांच्याकडे बघितलंही नाही.

एकदा मला तहान लागली आणि मी कोपरावर उठायला गेले. तिच्या घशातून बारीक गुरगुर आली. मी पुन्हा आडवी झाले. गुरगुर थांबली. आणखी एकदा करून पाहिलं. तसंच झालं. मग पडूनच तांब्या ओढून प्यायले.

मधे एकदा ती उंबऱ्यावरून अंगणाकडे वळली, पाठीवरचे केस उभे राहिले, आणि अंगणात काही नसताना ती त्या बाजूला बघत बघत फुत्कारली. मग आणखी थोडं डावीकडे. मग आणखी. अंगण भरल्यासारखं. मी डोळे मिटून घेतले. पुन्हा उघडले तेव्हा ती माझ्याकडे तोंड करून बसली होती.

ऊन ओट्यावरून उतरलं तेव्हा ती उठून गेली. घाई नव्हती. त्यानंतर मी चिंधी बदलली. कोरडी होती.

सासूबाई आता खिंड ओलांडून गेल्या असतील. अंधार व्हायच्या आत पोचायला हव्यात.

२६ फेब्रुवारी

काल सकाळी मात्सुझो आला, नर्सबाई हानाशिरोंना घेऊन. मी पडल्या पडल्याच विचारलं, आई कुठायत, होडीतच बसून आहेत का? दोघं एकमेकांकडे बघायला लागली.

सासूबाई शिराहामाला पोचल्याच नव्हत्या.

मग तुम्हाला निरोप कुणी दिला? मात्सुझोनं टोपी काढून हातात धरली. म्हणाला, परवा दुपारी, ऐन उन्हात, शिराहामाच्या धक्क्यावर त्याच्या होडीच्या पुढच्या टोकावर एक यामापिकार्या येऊन बसली. पोरं जमली, कुणी दगड भिरकावला, हलली नाही. डावा कान फाटका. पुढचे पाय जवळ घेऊन बसली होती आणि खाडीकडे, इकडे, बघत होती. त्याच्या आईला नेऊन दाखवलं. ती म्हणाली, "बघत काय बसलास? कुणीतरी बोलावतंय." तो नर्सबाईंच्या दारी गेला. वारा पडला होता, पण समुद्र पहाटेपर्यंत शांत झाला नाही, म्हणून रात्रभर खोळंबले. ती ऊन उतरल्यावर धक्क्यावरून उठून गेली. कुठे, ते कुणी पाहिलं नाही.

नर्सबाईंनी मला तपासलं. बराच वेळ पोट चाचपत बसल्या. राहिलंय, म्हणाल्या. आता महिनाभर उठायचं नाही.

मात्सुझो वाटेनं शोधत गेला. फार लांब जावं लागलं नाही. देवराईच्या पलीकडे, पहिल्याच ओढ्यापाशी, केवड्याच्या मुळांना टेकून सासूबाई बसल्या होत्या. पाय घसरून पडल्या असाव्यात, आणि मग वर येऊन बसल्या असाव्यात. नर्सबाई म्हणाल्या, परवा सकाळीच गेल्या असतील, निघाल्यावर थोड्याच वेळात. हातात गवताची गाठ नव्हती. ती वाटेवर मिळेल म्हणून मात्सुझोनं पुष्कळ शोधली. चिखलात त्यांच्याभोवती मांजराच्या पावलांचा एक पूर्ण वेढा होता. अंगाला कुठे दात लागलेला नव्हता.

मी आवाज ऐकला होता. एकदाच. मांजरच, असं मी वर लिहून ठेवलंय. ते खोडत नाही.

८ मार्च

तोसेई आले. आईला थडग्यात ठेवलं. मला जाऊ दिलं नाही, आणि मीही हट्ट केला नाही. सोनाइ गावच्या पुजारीणबाई येऊन देवराईचा शेवटचा नैवेद्य करून, वाट बंद करून गेल्या.

तोसेई माझ्याशी बोलायला धजत नाहीत. आईबद्दल रडावं की पोटातल्याबद्दल हसावं, हे त्यांना कळत नाही. मलाही. आज ओट्यावर बसून त्यांनी रताळी सोलली, जाड जाड सालं काढून, निम्मं रताळं सालातच. 

२९ एप्रिल

उद्या निघायचं. समुद्र तेलासारखा आहे.

संध्याकाळच्या आधी तोसेईंच्या हाताला धरून गल्लीच्या टोकापर्यंत गेले. नोसोकोंच्या घरातून ती बाहेर आली, मागे एक पिल्लू. पिल्लाच्या पाठीवरचे ठिपके अजून दाट आहेत. दोघं गल्लीच्या मधून चालत गेली, कडेनं नाही, आपलंच गाव असल्यासारखी. पिल्लू थबकून आमच्याकडे बघायला लागलं. तिनं बघितलं नाही. मला तिनं कधीच पाहिलेलं नाही, अशी निघून गेली.

१९ जून, इशिगाकी

प्राध्यापक आले होते. खोली लहान, उकाडा, त्यात माझं पोट पुढे आलेलं. ते बिचारे दाराशीच बसले. पिल्लाचं वाचून फार खूश झाले. घरात पिल्लू वाढवल्याची ही नवीन गोष्ट आहे म्हणाले. विष्ठा, झिंगे, सगळं शांतपणे वाचलं, मधे मधे चांगलं म्हणत राहिले.

मग चोवीस फेब्रुवारीपाशी थांबले. त्या तारखेला मी दोन ओळी लिहिल्या होत्या. एक, उरिमा, आमच्या उंबऱ्याशी, दुपारभर. दुसरी, शिराहामा, धक्क्यावर, दुपारभर, मात्सुझो आणि इतर लोकांनी पाहिलेली. दोन्हीपुढे, डावा कान फाटलेला.

ते सौम्यपणे म्हणाले की हे जमत नाही. मधे खिंड आहे, दोन मोठे ओढे आहेत. मांजराचा वावर एवढा नसतो, आणि असला तरी एका वेळी दोन ठिकाणी कसा असेल? फाटक्या कानाची दुसरी असेल का? म्हटलं, असेल. पण त्यांना स्वतःलाच ते पटेना. एकाच बाजूनं, एकाच जागी फाटलेला कान. शेवटी त्यांनी पेन्सिल काढली. "यातली एक नोंद खोडावी लागेल, फुमिएबाई. तुम्हीच सांगा, कोणती खोडू?"

मी त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या. मग त्यांना सांगितलं की ते मला ठरवता येणार नाही.

"दोघींपैकी एक मांजर होती," मी म्हटलं, "एवढं नक्की."